पेट्रोल कॉकच्या स्क्रूपाशी गळती : तुमचे प्रश्न

मोटरसायकलच्या टाकीखाली कॉक, म्हणजे पेट्रोल चालू-बंद करायची तोटी, जिथे बसतो, तिथे स्क्रूच्या डोक्याशी पेट्रोल पाझरतंय, ही तक्रार थांबायचं नाव घेत नाही. आणि प्रत्येक पत्रात कुणीतरी सुचवलेला एक रामबाण उपाय असतोच. म्हणून या वेळी उत्तरं एकत्र देतो.

प्रश्न : रात्री कॉक बंद करतो, तरी सकाळी फरशीवर डाग दिसतो. कॉक खराब झाला का?

असेलच असं नाही. स्क्रू आणि ओ-रिंग (टाकी आणि कॉकच्या मधली रबरी कडी) कॉकच्या झडपेच्या आधी येतात. कॉक बंद केल्याने तिथलं पेट्रोल अडत नाही.

प्रश्न : गळती नेमकी कुठून, हे घरी कळेल का?

कळेल. इंजिन पूर्ण थंड असताना कॉक पुसून कोरडा करा, टाल्कम पावडर भुरभुरवा आणि पाच-दहा मिनिटं थांबा. पावडर आधी कुठे ओली होते ते बघा. थेंब ओघळून शेवटी स्क्रूवरच लोंबतो, त्यामुळे नुसतं बघून फसायला होतं. कॉक फिरवायच्या दांडीपाशी आधी ओलं झालं तर दोष आतल्या पॅकिंगचा आहे, स्क्रूला हात लावू नका.

प्रश्न : माझी 1993 ची यामाहा आरएक्स 100 आहे. मेकॅनिकने दोनदा स्क्रू आवळले, मग टेफ्लॉन टेप गुंडाळून बसवले. आता वरून एम-सील लावू म्हणतो. लावू द्यावं का?

नाही. आणि आता आणखी आवळूही देऊ नका.

बऱ्याच जुन्या टाक्यांत या स्क्रूंची भोकं आरपार टाकीत उघडतात. स्क्रूचे आटे पेट्रोलात भिजलेले असतात आणि आट्यांवरून पेट्रोल खाली उतरतंच. ते अडवतो स्क्रूच्या डोक्याखालचा नायलॉनचा किंवा फायबरचा वायसर. तो एकदा दबला की दबला, दुसऱ्यांदा तसा बसत नाही. कॉक साफ करायला काढतात तेव्हा ओ-रिंग आठवणीने बदलतात, वायसर मात्र जुनाच, नाहीतर हार्डवेअरच्या दुकानातला साधा लोखंडी. गळती तिथून सुरू होते, आणि मग आवळाआवळी. जास्त आवळलं की स्क्रू बसतात ते कॉकचे दोन्ही कान वाकतात, मधली ओ-रिंग सैल पडते आणि एकाची दोन गळत्या होतात. त्यातून टाकीतले आटे गेले तर दहा-वीस रुपयांचं काम टाकीवर जातं.

टेपचं म्हणाल, तर मध्यंतरी माझ्याकडे आलेल्या एका टाकीचा कॉक उघडला तेव्हा आतल्या जाळीला टेपचे पांढरे तंतू शेवयांसारखे गुंतलेले होते. गाडी चढावर बंद पडते म्हणून मालकाने त्याआधी कार्बोरेटर दोनदा खोलून घेतला होता! साधा सिलिकॉन सीलंटही पेट्रोलात फुगून सुटतो. एम-सीलखाली गळती फक्त दिसेनाशी होते.

करायचं ते एवढंच. टाकी पूर्ण रिकामी करा. कॉकच्या तोंडाला स्टीलची पट्टी आडवी लावा; खालून उजेड दिसला तर तोंड वाकलंय. काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून ते सपाट करून घ्या. ओ-रिंग नवी, दोन्ही वायसर नवे, स्क्रू मूळ लांबीचेच. भोक आरपार नसेल तर लांब स्क्रू तळाला टेकतो आणि डोकं दाबतच नाही. आधी अर्धा लिटर पेट्रोल घालून बघा, मग टाकी भरून रात्रभर खाली कोरडा कागद ठेवा. हे काम उघड्यावर, बॅटरीची निगेटिव्ह तार काढून, जवळ बिडी-काडी, बल्ब काही नसताना. यातल्या एकाही पायरीची खात्री नसेल तर चांगल्या मेकॅनिककडे द्या, पण वायसर समोर बदलून घ्या. ‘फुल रिपेअर किट’ म्हणून ऑनलाइन मिळणाऱ्या पाकिटात बऱ्याचदा हे वायसरच नसतात, तेव्हा मागवण्याआधी विचारा.

प्रश्न : ई-20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे होतंय का?

जुन्या रबरावर इथेनॉलचा परिणाम होतो, हे खरं. पण सगळा दोष पेट्रोलवर ढकलून गप्प बसू नका. जुनी ओ-रिंग कडक झाली किंवा फुगली असेल तर इथेनॉलला टिकणारी मागून घ्या.

प्रश्न : वाटेत गळती लागली तर साबण लावून घरी येता येतं ना?

साबण पेट्रोलात सहसा विरघळत नाही, म्हणून पाझर काही वेळ थोपतो. पण थेंब पडत असतील तर गाडी चालूच करू नका, ढकलत न्या. खाली तापलेलं इंजिन असतं.

प्रश्न : माझी गाडी 2021 ची आहे, कॉक नाही, पण टाकीखालून वास येतो.

कॉक नाही म्हणजे तुमची गाडी बहुधा फ्युएल इंजेक्शनची. अशा गाडीत पंप पेट्रोल दाबाने पुढे पाठवतो. काहीही उघडू नका. गाडी बंद ठेवा आणि सर्व्हिस सेंटरला फोन करून आजच उचलून न्यायला सांगा.

प्रश्न : टाकीतले आटे गेलेत. शेजारचा वेल्डर म्हणतो, टाकी पाण्याने धुऊन लगेच टाका मारतो.

त्याच्याकडे टाकी देऊ नका. वेल्डिंग करताना रिकाम्या टाकीत उरलेली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची असते, आणि नुसतं खळबळून ती जात नाही. टाक्यांचंच काम करणारा माणूस शोधा आणि वाफ कशी काढतो ते त्याला आधी विचारा. तोवर गाडी जिन्याखाली किंवा मीटरच्या खोलीशेजारी लावू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरते आणि दूरच्या ठिणगीपर्यंत पोचते. म्हणून गळती थांबवायला टाकी आजच रिकामी करून घ्या.