बोटीचा कॅनव्हास आणि बैठका: काय बदलावे, काय राखावे

छताच्या कॅनव्हासच्या शिवणी उसवल्या आहेत, पडद्यांच्या पारदर्शक खिडक्या धुरकट झाल्या आहेत आणि बैठकांच्या पांढऱ्या व्हिनाइलवर गुलाबी डाग उठले आहेत, तेव्हा सगळेच नव्याने करून घ्यावे का, असे आपण विचारले आहे. माझे मत असे की, कॅनव्हास टाकून देण्याची घाई करू नये आणि बैठकांच्या बाबतीत मात्र वरवरच्या दुरुस्तीवर समाधान मानू नये. कॅनव्हासमध्ये बहुधा कापड शाबूत असते आणि धागा गेलेला असतो. बैठकांमध्ये बिघाड बहुतेक वेळा आवरणाच्या आत असतो.

बोटीवरचे ॲक्रिलिक कापड चांगल्या प्रतीचे असेल, तर त्याचा रंग तंतूच्या गाभ्यातच मुरलेला असतो आणि ते उन्हाला बराच काळ दाद देत नाही. ते ज्या पॉलिएस्टरच्या धाग्याने शिवलेले असते, तो मात्र त्याच उन्हात कितीतरी आधी कमकुवत होतो. छताच्या वरच्या, सतत ऊन खाणाऱ्या शिवणीतला एक टाका सुईच्या टोकाने उचलून ओढून पाहा, आणि मग सावलीतल्या शिवणीतला एक टाका तसाच ओढा. वरचा टाका चटकन तुटला आणि कापड दोन्ही हातांनी जोराने ताणूनही फाटले नाही, तर सर्व शिवणींवर पुन्हा टीप मारून घेणे पुरेसे आहे. त्यासाठी पीटीएफईचा, म्हणजे टेफ्लॉन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्लास्टिकचा, धागा वापरावा, असा माझा आग्रह आहे. तो महाग असतो आणि निसरडा असल्यामुळे मशीनचा ताण नव्याने जुळवावा लागतो; पण तो उन्हाने खराब होत नाही, आणि या कामात खरा खर्च मजुरीचा असल्याने धाग्यात केलेली काटकसर अंगलट येते.

खिडक्याही स्वतंत्रपणे बदलता येतात. जुनी खिडकी आधी कापून काढू नये, कारण मग भोवतालचे कापड वेडेवाकडे ताणले जाते. नवे व्हिनाइल जुन्यावर ठेवून चारही बाजूंनी शिवावे आणि नंतरच जुने आतून कापावे. जाडी ०.७५ ते १ मिलिमीटर असावी. पुढे त्या पुसताना आधी गोड्या पाण्याने मीठ धुऊन टाकावे, कारण कोरड्या फडक्याखाली मिठाचे कण व्हिनाइलवर ओरखडे पाडतात. अमोनिया असलेले काच पुसण्याचे द्रावण वापरू नये. खिडक्यांची घडी न घालता, मध्ये मऊ कापड ठेवून गुंडाळी करावी, आणि थंडीत व्हिनाइल कडक झाले असेल तर तेही करू नये.

कापडच विरले असेल आणि सगळे नवे शिवायचे असेल, तर मापे बोटीवरच, सांगाडा उभा करून घ्यावीत. जुना कॅनव्हास आकसलेला किंवा ताणलेला असतो आणि त्याचे दोष नव्यात उतरतात. पुढच्या पडद्यात उघडता येणारी चेन अवश्य ठेवावी. पुढून बंद आणि मागून उघड्या बोटीत चालू इंजिनाचा धूर मागून आत ओढला जातो, आणि त्यातील कार्बन मोनॉक्साइडला रंग किंवा वास नसल्याने ते कळत नाही. म्हणून हा वायू वाढताच इशारा देणारा सूचकही आत बसवावा.

बुरशी ॲक्रिलिक खात नाही, ती त्यावरच्या मळावर वाढते. त्यामुळे सौम्य साबण आणि कोमट पाणी एरवी पुरते. डाग हट्टी असतील, तर ४ लिटर पाण्यात १ कप ब्लीच आणि पाव कप साबण मिसळून ते १५ मिनिटांपर्यंत मुरू द्यावे, भरपूर पाण्याने धुऊन कापड वाऱ्यावरच वाळवावे आणि मग पाणीरोधक फवारा पुन्हा मारावा.

आता बैठका. गुलाबी डाग बहुतेक वेळा वरून लागलेला नसतो; ओल्या फोममधील किंवा व्हिनाइलच्या पाठीवरील सूक्ष्मजीव जो रंग तयार करतात, तो आतून वर झिरपतो. त्यामुळे घासून तो जात नाही आणि ब्लीचने पुसला तरी परत दिसतो, शिवाय घासण्याने व्हिनाइलचा वरचा संरक्षक थर मात्र झिजतो. बैठक उलटी करून खालच्या फळीत स्क्रू-ड्रायव्हर टोचून पाहा. तो सहज आत शिरला, तर नव्या आवरणाच्या स्टेपल त्या लाकडात टिकणार नाहीत. नवी फळी मरीन प्लायवुडची, म्हणजे पाण्यात न सुटणाऱ्या गोंदाने जोडलेल्या प्लायवुडची, करावी. तांब्याच्या क्षारांनी प्रक्रिया केलेले प्लायवुड साध्या स्टेपलांना लवकर गंज आणते. स्टेपल स्टेनलेस स्टीलच्याच घ्याव्यात, आणि फळीला खालून पाणी निघून जाण्यासाठी भोके पाडावीत. भिजलेला फोम वाळवून पुन्हा वापरू नये. जुने आवरण उसवण्यापूर्वी समोरासमोरच्या तुकड्यांवर जोडखुणा करून ठेवाव्यात, म्हणजे येथे जुन्याचाच नमुना उपयोगी पडतो. आणि शेवटच्या बाजूची स्टेपल मारण्याआधी कोपऱ्यांतील शिवणी फोमच्या कडेवर बरोबर बसल्या आहेत ना, हे हाताने चाचपून पाहावे.