नव्या कर्नलनंतर संगणक सुरू होत नसेल तर

उबुंटू ही लिनक्स कार्यप्रणाली अपग्रेड केल्यावर नव्या कर्नलने, म्हणजे कार्यप्रणालीच्या गाभ्याने, संगणक सुरू होत नाही आणि ‘अनेबल टू माउंट रूट एफएस’ (मुख्य फाइल-व्यवस्था जोडता येत नाही) असा संदेश येतो, असे तुम्ही कळवले आहे. तो संदेश पाहता, नव्या कर्नलला सुरुवातीला डिस्कपर्यंत पोहोचण्यासाठी लागणारी इनिटरॅमएफएस ही फाइल तयारच झाली नसावी. आपल्या लातूर-नांदेडकडे अपग्रेड चालू असतानाच वीज गेली, किंवा बूट विभाजनात (डिस्कवरील कर्नल ठेवण्याच्या भागात) जागा उरली नाही, की असे घडू शकते. घाईने उबुंटू पुन्हा टाकू नका, कारण अशा वेळी तुमच्या फायली सहसा सुरक्षित असतात. ग्रब, म्हणजे संगणक सुरू होताना कर्नल निवडू देणारा मेनू, त्याच्या ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून जुने कर्नल निवडून संगणक सुरू करा, ‘डीएफ’ या आज्ञेने बूटमधील मोकळी जागा पाहा, जागा नसल्यास चालू आणि नवे ही दोन कर्नल सोडून बाकीची काढा, आणि मगच ‘अपडेट-इनिटरॅमएफएस’ ही आज्ञा नव्या कर्नलची आवृत्ती देऊन चालवा. त्यानंतर ‘अपडेट-ग्रब’ ही आज्ञा चालवा. जुने कर्नलही कोसळले, तर मात्र डिस्क आणि रॅम तपासावी लागेल.