वाचकांचे प्रश्न : टेबलावर ठेवले, म्हणजे काय केले?

प्रश्न : अमेरिकेतील कार्यालयाने कळवले, ‘द प्रपोजल वॉज टेबल्ड.’ आम्ही चर्चेची सगळी तयारी केली, पण विषय निघालाच नाही. असे का?

उत्तर : ब्रिटनमध्ये आणि आपल्याकडे ‘टेबल’ या क्रियापदाचा अर्थ विषय चर्चेला मांडणे, विधिमंडळात कागदपत्रे ‘पटलावर ठेवतात’, तेच हे. अमेरिकेत मात्र त्याचा अर्थ विषय बाजूला सारणे. दुसऱ्या महायुद्धात दोन्ही देशांचे अधिकारी यावरून बराच वेळ भांडले, आणि दोघांना हवे होते एकच, असे चर्चिल यांनी नोंदवले आहे.

गंमत म्हणजे ‘द ऑफर इज ऑन द टेबल’ म्हटले की अमेरिकेतही प्रस्ताव खुलाच असतो. घोळ फक्त क्रियापदाचा आहे. म्हणून परदेशी पत्रव्यवहारात ते टाळाच. पुढे ढकलायचे असेल तर ‘पोस्टपोन’ लिहा आणि तारीख द्या. मांडायचे असेल तर ‘प्रेझेंट’ किंवा ‘पुट ऑन द अजेंडा’.

प्रश्न : कर्ज ‘सँक्शन’ होते, मग देशावर ‘सँक्शन्स’ म्हणजे मेहेरबानी का?

उत्तर : उलट, ते निर्बंध. पुढचे शब्दयोगी अव्यय पाहा : ‘सँक्शन फॉर’ असेल तर बहुधा मंजुरी, ‘सँक्शन्स ऑन’ किंवा ‘अगेन्स्ट’ असेल तर निर्बंध. क्रियापद मात्र दोन्हीकडे झुकते. ‘द बँक वॉज सँक्शन्ड’ म्हणजे बँकेवर कारवाई झाली. ‘द लोन वॉज सँक्शन्ड’ म्हणजे पेढे वाटा.