रेडिएशन चालू असूनही गाठ लगेच लहान का होत नाही?

आपण विचारले आहे की आईला तीन आठवडे, आठवड्यातले पाच दिवस, हडपसरहून डेक्कनला रेडिएशनसाठी न्यावे लागते, तरी गाठ हाताला तशीच लागते. मग सगळा डोस एकदाच का देत नाहीत? आईच्या आजाराविषयी तिचे डॉक्टरच सांगू शकतील. मी पुण्यातच एका प्रयोगशाळेत पेशी वाढवण्याचे काम करतो, म्हणून पेशीत काय घडते तेवढे सांगतो.

क्ष-किरण पडले म्हणून बहुतेक पेशी त्याच क्षणी मरत नाहीत. १ ग्रे (किरणांचा डोस मोजण्याचे एकक) डोसाने एका पेशीच्या डीएनएचा एक पदर सुमारे हजार ठिकाणी तुटतो, पण समोरचा पदर शाबूत असल्यामुळे पेशी त्यावरून तो सांधून घेते. दोन्ही पदर एकाच जागी तुटण्याचे वीस ते चाळीस प्रसंग मात्र तिला जड जातात. दुरुस्तीसाठी ती विभाजन थांबवते, आणि तरीही चुकीची टोके जोडली गेली असतील, तर ते विभाजनाच्या वेळी उघडे पडते. सूक्ष्मदर्शकाखाली दोन बाजूंना ओढल्या जाणाऱ्या गुणसूत्रांच्या मधोमध एक बारीक पूल ताणलेला दिसतो, तर काही पेशींत मुख्य केंद्रकाशेजारी एक सुटा ठिपका राहून गेलेला असतो. अशी पेशी कधी दोन-तीनदा विभागूनही मग मरते. म्हणूनच आम्ही बशीत पेशी पेरून, किरण देऊन, दहा-बारा दिवसांनी जांभळा रंग घालतो आणि पन्नासहून अधिक पेशींची वसाहत उभी राहिली असेल तरच मूळ पेशी वाचली असे धरतो. सावकाश विभागणारी गाठ विरायलाही त्यामुळेच वेळ लागतो.

डोस तोडून देण्याचे कारणही दुरुस्तीतच आहे. एल्काइंड आणि सटन या संशोधकांनी १९५९ मध्ये दाखवले की एकच डोस काही तासांच्या अंतराने दोन भागांत दिला, तर जास्त पेशी वाचतात. मधल्या वेळात दुरुस्ती करण्याच्या या सवलतीचा लाभ निरोगी ऊतींना गाठीपेक्षा सहसा अधिक होतो. शिवाय गाठीच्या आतल्या, प्राणवायू न पोचणाऱ्या पेशींना मारायला जवळजवळ तिप्पट डोस लागू शकतो. बाहेरच्या पेशी मरत गेल्या की प्राणवायू आत पोचू लागतो आणि पुढचा डोस त्यांना लागू पडतो.

मधल्या काळात उरलेल्या कर्कपेशीही वाढत असतात. त्यामुळे पावसामुळे किंवा तापामुळे एखादा दिवस चुकलाच, तर तो कसा भरून काढायचा हे रेडिएशन विभागात त्याच दिवशी विचारावे.