बेस गिटारचे सुटे भाग मागवण्याआधी

बॉडीचा रंग नंतर ठरव. आधी नेक (तारांखालचा लांब दांडा) आणि बॉडी एकमेकांत बसतात का ते बघ. फेंडर पद्धतीच्या बेसच्या नेकची टाच, म्हणजे बॉडीत बसणारं टोक, साधारण 63.5 मिलिमीटर रुंद असते, गिटारची 56च्या आसपास. विक्रेत्याकडून दोन्ही मापं लेखी घे. माझ्या पहिल्या बेसला नेक दीड मिलिमीटर मोठा आला होता, आणि मी घाईत कानस चालवून बॉडीची खाच वाकडी केली. अजून हळहळ वाटते.

ब्रिजची (बॉडीवर तारा अडकवायच्या पट्टीची) भोकं सगळ्यात शेवटी पाड. स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, 34 इंच असेल तर नटपासून (नेकच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी) बाराव्या फ्रेटपर्यंत (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांतली बारावी) 17 इंच, तिथून सॅडलपर्यंत (ब्रिजवर तार टेकते तो तुकडा) तेवढंच. जाड तारेचं सॅडल थोडं मागे न्यावं लागतं, म्हणून मागे सरकायला जागा ठेव. दोन्ही कडेच्या तारांच्या जागी दोरा ताणून बघ. दोरा फ्रेटबोर्डच्या कडेला समांतर जायला हवा. स्क्रूला मेण लाव, नाहीतर कडक लाकडात डोकं तुटतं.

पॉट (आवाज कमीजास्त करायच्या बटणांखालचा भाग), जॅक (केबल लावायची जागा), सोल्डर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळेल. साध्या पॅसिव्ह (बॅटरी नसलेल्या) सिंगल कॉइल पिकअपला, म्हणजे तारांचा आवाज पकडणाऱ्या भागाला, 250 किलोओहमचे पॉट घे. ब्रिजखालून अर्थची वायर विसरू नकोस, ती नसली की गुणगुण सुरू होते.

आणि पार्सल जुलैत आलं, तर ट्रस रॉडला (नेकच्या आतली, वाक सुधारायची सळई) लगेच हात लावू नकोस रे. आपल्या दमट हवेत नेक आठवडाभर तरी घरात राहू दे, तारा चढव, मग पाव फेरा फिरव आणि दुसऱ्या दिवशी बघ.