विचारा, सांगतो : कॉलेजच्या लॅबमध्ये कापड घेऊन जाताना

प्रश्न : माझे विट्यात १६ साधे माग आहेत, काम खर्चीवर, म्हणजे व्यापाऱ्याकडून मजुरीवर चालतं. ४० नंबर बाण्याच्या (आडव्या धाग्याच्या) ग्रे, म्हणजे कोऱ्या कापडात आडवे पट्टे दिसतात म्हणून व्यापारी मजुरी कापतो. एका टेक्स्टाइल कॉलेजात कापड तपासून घेतलं. 'जीएसएम बरोबर, काउंट बरोबर' असा रिपोर्ट आला. पट्टे तसेच आहेत. मग कॉलेजचा उपयोग काय?

रिपोर्ट चुकीचा नाही, विचारणा चुकली. काउंट म्हणजे सुताचा नंबर, जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. जीएसएमसाठी १०० चौरस सेंटिमीटरचा गोल तुकडा कापून वजन करतात आणि ग्रॅममधल्या आकड्याला १०० ने गुणतात. हे कापडाचं सरासरी वजन झालं. पट्टा म्हणजे एका जागेचा शेजारच्या जागेशी असलेला फरक, तो सरासरीत बुडून जातो. लॅबला 'कापड तपासा' असं सांगू नका. 'पट्ट्यातलं आणि पट्ट्याबाहेरचं कापड वेगवेगळं मोजा' असं लेखी द्या.

नमुना असा न्या : पूर्ण पन्ह्याचं किमान १ मीटर कापड, पट्टा मधोमध, दोन्ही बाजूंना चांगलं कापड. घडी न घालता नळीवर गुंडाळा, इस्त्री किंवा धुणं नको. ताण्याची (उभ्या धाग्यांची) दिशा बाणाने दाखवा. चिठ्ठीवर माग नंबर, बाण्याचा लॉट आणि तारीख लिहा. त्याच लॉटच्या ५ भरलेल्या कांड्या (धोट्यात बसणाऱ्या, बाण्याचं सूत गुंडाळलेल्या) सोबत द्या. बहुतेक जण इथेच चुकतात. नुसता वीतभर तुकडा नेला तर त्यावरून कारण सांगणं कुणालाच शक्य नसतं.

लॅबमध्ये जाण्याआधी एक हिशेब घरीच करा. ४० नंबर सूत १ ग्रॅममध्ये साधारण ६८ मीटर भरतं. कांडीवर ३० ग्रॅम सूत असेल तर सुमारे २,००० मीटर झालं. फणीतला पन्हा ५० इंच, म्हणजे १.२७ मीटर धरला तर एका कांडीत जवळपास १,६०० पिक (बाण्याचे आडवे धागे) पडतात, आणि इंचाला ६० पिकाच्या कापडात ते २६-२७ इंच होतात. पट्टा एवढ्याच लांबीचा असेल, कांडी बदलली की सुरू होऊन पुढच्या कांडीला संपत असेल, तर दोष सुतात आहे. तो मागावर शोधत बसू नका.

पट्टा बोटभरच असेल आणि वीज गेल्यावर किंवा जेवणाच्या सुट्टीनंतर येत असेल तर तो माग सुरू करतानाचा पट्टा. माग उभा असताना ताणा ताणलेलाच राहतो, कापडाची विणकडा (जिथे नवा बाणा ठोकला जातो ती कड) जागेवरून सरकते, शिवाय पहिला ठोका पूर्ण वेगाने बसत नाही. सुट्टीत ताणा सैल करून ठेवायला आणि सुरू करताना विणकडा जागेवर आणूनच माग चालू करायला जॉबरला (माग दुरुस्त करणाऱ्या कारागिराला) सांगा. ठरावीक अंतराने येणारा पट्टा बहुधा टेक-अपच्या (विणलेलं कापड ओढून गुंडाळणाऱ्या) गिअरचा, एखादा दात झिजलेला किंवा गिअर वाकडा बसलेला असतो. दोन पट्ट्यांमधलं अंतर मोजून न्या. त्यावरून कोणतं चाक ते काढता येतं.

लॅबकडून तीन गोष्टी याच क्रमाने मागा. आधी पट्ट्यात आणि बाहेर प्रत्येकी पाच जागी पिक. पिक सारखे निघाले तर दोन्ही ठिकाणचे आडवे धागे उसवून, सरळ करून, २५-२५ मीटरचं वजन. ४० नंबरला ते ०.३६९ ग्रॅम यायला हवं, ३८ नंबर असेल तर ०.३८८ येतं. फरक इतका बारीक असल्याने मिलिग्रॅम दाखवणारा काटा लागतो. काउंटही सारखा निघाला तर पीळ मोजायला आणि अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली पाहायला सांगा. वेगवेगळ्या कापसाचे लॉट मिसळले असतील तर तिथे चमक वेगळी दिसते. सूत व्यापाऱ्यानेच दिलेलं असेल तर या कागदावर तुमची कापलेली मजुरी परत मागता येते.

प्रश्न : सोलापूरला चादरी करतो. लाल सुताचा रंग पांढऱ्या पट्टीवर उतरतो. लॅबने 'स्टेनिंग २-३' लिहून दिलं. पुढे काय?

स्टेनिंग म्हणजे शेजारच्या कापडावर पडलेला रंगाचा डाग. तो ग्रे स्केल नावाच्या करड्या छटांच्या पट्टीशी ताडून गुण देतात : ५ म्हणजे डाग नाही, १ म्हणजे सगळ्यात वाईट. लाल-पांढऱ्या मालाला ४ च्या खाली चालवून घेऊ नये. चाचणी कोणत्या तापमानाला केली ते आधी पाहा. ४० अंशांना पास झालेलं सूत ६० अंशांना, सोड्याच्या पाण्यात नापास होऊ शकतं, आणि चादर घरोघरी गरम पाण्यातच भिजते.

रंग रिअॅक्टिव्ह (धाग्याशी रासायनिक बंध जोडणारा) असेल तर कॉलेजला पुढचा प्रयोग करायला सांगा. हेच सूत मृदू पाण्यात ९५ अंशांवर १५ मिनिटं, दोनदा साबण घालून धुवायचं आणि पुन्हा तपासायचं. स्टेनिंग ४ वर आलं तर रंग धाग्याला नीट बसलेला आहे, डाइंगनंतरचं धुणं अपुरं पडतं आहे. तेवढाच उतरत राहिला तर रंग बसवण्यातच चूक आहे किंवा मुळात डायरेक्ट रंग (असा बंध न जोडणारा) वापरला आहे.

धुण्यात नेमकं बिघडतं ते असं. मीठ निघायच्या आत साबण घातला जातो. मीठ सुटा रंग धाग्याकडे ढकलतं, त्यामुळे तो निघतच नाही. आधी थंड पाणी, मग ६०-७० अंशांचं पाणी, थोडं अॅसेटिक अॅसिड, त्यानंतर ९५ अंशांना साबण, पुन्हा गरम आणि शेवटी थंड. पाणी जड असेल तर हे सगळं करूनही उपयोग होत नाही. त्यामुळे सुताबरोबर डाइंग हाउसचं लिटरभर पाणीही तपासायला द्या. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे. ते नाव लावलेल्या चादरीचा रंग पहिल्याच धुण्यात उतरावा, हे फार वाईट वाटतं.

रंगाच्या कामाला मुंबईत माटुंग्याच्या आयसीटीमधला तंतू व वस्त्रप्रक्रिया विभाग, विणकामाला व्हीजेटीआय किंवा इचलकरंजीचं डीकेटीई, अशी निवड करा. निर्यातीच्या वादासाठी रिपोर्ट हवा असेल तर नेमक्या त्या चाचणीला एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता आहे का, हे नमुना देण्याआधी विचारा. लॅबला मान्यता असली तरी ती प्रत्येक चाचणीला असतेच असं नाही.

प्रश्न : येवल्यात पैठणीची जाकिटं शिवते. डिझाइनच्या एका विद्यार्थिनीने प्रोजेक्टमध्ये सहा नमुने करून दिले. कॉलेजने ते प्रदर्शनात मांडले, फोटोही टाकले. आता नोंदणी होईल का?

त्या सहांची होणं अवघड आहे, ताई. डिझाइन कायदा, २००० प्रमाणे अर्जाआधी डिझाइन प्रसिद्ध झालेलं नसावं लागतं. मोर, आसावली या जुन्या नक्षी तर कुणा एकाच्या नावावर होत नाहीत. तुमची नवी मांडणी मात्र होऊ शकते. नोंदणी १० वर्षांची असते, पुढे ५ वर्षं वाढवता येते.

पुढच्या वेळी प्रोजेक्ट सुरू होण्याआधी कॉलेजशी एक पानाचं पत्र करा : डिझाइनची मालकी कुणाची, अर्ज होईपर्यंत प्रदर्शन आणि फोटो नाहीत, आणि विद्यार्थिनीला किती मोबदला. कायद्यात मोबदला देऊन करून घेतलेल्या डिझाइनचा मालक करवून घेणारा ठरतो, त्यामुळे रक्कम लहान असली तरी ती लिहिलेली आणि दिलेली असू द्या. नमुन्याखाली तिचं नावही जरूर टाका. मेहनत तिची आहे.

प्रश्न : आमच्याकडे नऊ कामगार आहेत. शिकाऊ इंजिनिअर ठेवता येईल का?

येईल. शिकाऊ उमेदवार कायद्याखाली ३० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्यांना हे बंधनकारक, ४ ते २९ असलेल्यांना ऐच्छिक आहे. पदवी-पदविकावाल्यांच्या किमान विद्यावेतनाचा निम्मा भार केंद्र सरकार उचलतं. शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट हवं असेल तर जूनमध्येच विभागप्रमुखांना भेटा, कारण जुलै-ऑगस्टमध्ये विषय वाटले जातात. विषय एकच आणि मोजता येणारा द्या, जसं 'माग क्रमांक ३ ते ८ वर दर पाळीला ताण्याचे धागे किती तुटतात आणि का'. शेवटी बांधीव प्रबंधासोबत मराठीत दोन पानं मागा, म्हणजे ती जॉबरला वाचता येतील.