बारावीनंतर समुद्राच्या पाण्याच्या तपासणीकडे वळताना

प्रश्न : आम्ही अलिबाग तालुक्यात राहतो. मुलगी बारावी विज्ञान शाखेत, जीवशास्त्र घेऊन शिकते. गेल्या वर्षापासून ती गावातील काही तरुणांबरोबर नाल्याच्या तोंडाशी आणि पुळणीवर पाण्याचे नमुने घेते, पावसाळ्यात वाळूवर येणारे डांबरगोळे, म्हणजे समुद्रात सांडलेल्या तेलाचे घट्ट झालेले गोळे, जमा करते. आता तिला हेच काम आयुष्यभर करायचे आहे. काम चांगले आहे. पण त्यावर पोट भरेल का, आणि त्यासाठी शिकावे काय? – एक पालक

उत्तर : आपल्या मुलीची आवड गांभीर्याने घेण्यासारखी आहे. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराबाहेर ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजा-३’ या जहाजांची टक्कर होऊन शेकडो टन तेल समुद्रात गेले आणि त्याचा तवंग रायगडच्या किनाऱ्यापर्यंत आला, हे आपल्या भागातील लोकांना आठवत असेल. अशा वेळी पाण्यात नेमके काय आणि किती मिसळले आहे, हे खात्रीने सांगू शकणारी माणसे लागतात, आणि ती आपल्याकडे कमी आहेत.

पहिल्या शंकेचे उत्तर स्पष्टपणे देतो. नागरिकांनी स्वयंस्फूर्तीने केलेल्या तपासणीला भारतात पगार जवळजवळ नाही. अमेरिकेतील ‘सर्फरायडर फाउंडेशन’च्या ‘ब्लू वॉटर टास्क फोर्स’मध्येही नमुने घेण्याचे काम मुख्यतः स्वयंसेवकच करतात. मात्र तेच कौशल्य प्रयोगशाळेच्या पात्रतेसह असेल तर मान्यताप्राप्त खासगी प्रयोगशाळा, पर्यावरणीय आघाताचे अहवाल तयार करणाऱ्या सल्लागार संस्था, बंदरे व तेल कंपन्यांचे पर्यावरण विभाग आणि संशोधन संस्थांमधील प्रकल्प यांत काम मिळू शकते. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळातही पदे असतात. पण तेथील भरती नियमित होत नसल्यामुळे केवळ तिच्यावर विसंबून वर्षे घालवू नयेत.

शिक्षणाविषयी माझे मत असे, की पदवीसाठी थेट ‘पर्यावरणशास्त्र’ घेण्याऐवजी तिने सूक्ष्मजीवशास्त्र किंवा रसायनशास्त्र यांपैकी एक विषय पक्का करावा आणि समुद्राकडे पदव्युत्तर टप्प्यावर वळावे. सांडपाण्याचा शोध जिवाणूंवरून लागतो आणि तेलाचा रेणूंवरून. म्हणून या कामाची सारी भिस्त या दोन शास्त्रांवर आहे.

हे तिच्या हातातील बाटलीवरूनच पाहू. मैलापाण्याच्या तपासणीसाठी बाटली निर्जंतुक हवी. पाण्यात उभे राहून ती तोंड खाली धरून पृष्ठभागाखाली न्यावी, तेथे तिचे तोंड येणाऱ्या प्रवाहाकडे वळवून भरावी, वर थोडी जागा मोकळी सोडावी, बर्फाच्या पेटीत ठेवावी आणि शक्यतो सहा तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचवावी. तेलासाठी रीत वेगळी आहे. तेथे बाटली काचेचीच लागते, कारण प्लास्टिकच्या भिंतीला तेल चिकटून राहते. याच कारणाने ती नमुन्याच्या पाण्याने आधी विसळत नाहीत, आणि प्रयोगशाळेत बाटलीतील सगळे पाणी वापरून तिची आतली बाजूही द्रावकाने धुऊन घेतात. डांबरगोळा प्लास्टिकच्या पिशवीत न ठेवता ॲल्युमिनियमच्या वर्खात गुंडाळून काचेच्या बरणीत ठेवावा. तेलातील होपेन आणि स्टेरेन या संयुगांच्या प्रमाणावरून ते कोणत्या तेलाशी जुळते हे ओळखता येते; गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने किनाऱ्यावरील डांबरगोळ्यांचा उगम शोधण्यासाठी हीच पद्धत वापरली आहे.

नोंदवहीचे महत्त्वही तितकेच आहे. उधाण होते की भांग (अष्टमीच्या सुमाराची कमी भरती), भरती लागली होती की ओहोटी, आदल्या दिवशी पाऊस झाला होता का, ऊन किती होते, हे लिहिलेले नसेल तर आकड्याला अर्थ राहत नाही. सूर्यप्रकाशात आणि खाऱ्या पाण्यात मैलापाण्यातील जिवाणू झपाट्याने मरतात, त्यामुळे एकाच जागेचा सकाळचा आणि दुपारचा आकडा वेगळा येऊ शकतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषांनुसार स्नानायोग्य समुद्रजलात विष्ठाजन्य कोलिफॉर्म (विष्ठेतून येणारे जिवाणू) १०० मिलिलीटरमागे १०० पर्यंत असावेत. तिच्या गटाने विहिरीच्या पाण्यासाठी मिळणारी, पाणी काळे पडले की दूषित समजायची बाटली वापरली असेल, तर समुद्रासाठी तिच्यावर भरवसा ठेवू नये. समुद्रात सल्फेट मुबलक असते आणि त्यावर जगणारे जिवाणू मैल्याशी संबंध नसतानाही तोच काळा रंग देऊ शकतात.

आपल्याला काळजी वाटावी अशी कायद्याची बाजूही आहे. जल प्रदूषण अधिनियम, १९७४ च्या कलम २१ मध्ये कारखान्याच्या किंवा नाल्याच्या सांडपाण्याचा नमुना कोणी व कसा घ्यावा हे ठरवून दिले आहे, आणि ती रीत पाळली नाही तर अहवाल न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. मुलीच्या गटाचा आकडा महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रार करण्यासाठी आणि अधिकृत नमुना घ्यायला लावण्यासाठी उपयोगी पडतो. त्याच्या बळावर कोणत्याही कारखान्याचे नाव घेऊन जाहीर आरोप करू नयेत, हे तिला अवश्य सांगावे.

पदवीनंतर गोवा विद्यापीठ, कोचीचे विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठ आणि तमिळनाडूतील अण्णामलै विद्यापीठाचे परंगीपेट्टै येथील केंद्र या ठिकाणी सागरी विषयांचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. घराजवळचा पर्याय हवा असल्यास रत्नागिरीजवळील शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात चार वर्षांची पदवी आहे. मात्र तेथील भर मत्स्यव्यवसायावर असतो. कोठेही गेली तरी तिने संख्याशास्त्र टाळू नये. जीवशास्त्राची मुले नेमकी तेथेच कच्ची राहतात, आणि दहा नमुन्यांवरून किनाऱ्याविषयी किती बोलता येते हे त्यावाचून कळत नाही.

परीक्षा संपल्यावर सुट्टीत तिला एखाद्या मान्यताप्राप्त पाणी-प्रयोगशाळेत महिनाभर बिनपगारी का होईना काम करू द्यावे. दिवसभर बाटल्या निर्जंतुक करणे, जिवाणू वाढवण्याची माध्यमे तयार करणे, ४४.५ अंश तापमानाच्या पेटीत वाढलेल्या जिवाणूंच्या वसाहती मोजणे हे तिला रुचते का, हे तेथे समजेल, कारण पुढील नोकरीतील बहुतेक वेळ किनाऱ्यावर न जाता याच कामात जाणार आहे. तोवर नाल्याजवळ जाताना तिने हातमोजे आणि गमबूट घालावेत, डांबर उघड्या हाताने उचलू नये, आणि धनुर्वात व कावीळ यांच्या लसींबाबत आपण डॉक्टरांना विचारून घ्यावे.